मुंगीची झोप

खुळखुळा जागेवर नव्हता. आधी तेवढंच कळलं. दुपारी मुंगीला कुशीत घेऊन आडवी झाले होते, डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा पडद्याच्या कडेने येणारी उन्हाची पट्टी पलंगावरून सरकून भिंतीवर गेली होती. मुंगी माझ्या दंडावर तोंड उघडं टाकून झोपलेली, तिच्या लाळेचा ओला गोल माझ्या बाहीवर, आणि उशाशी, जिथे माझ्या आईने दिलेला चांदीचा खुळखुळा नेहमी असायचा, तिथे चादरीत नुसता एक खळगा. मी हात फिरवला. उशीखाली, पलंगाच्या फटीत, मुंगीच्या पाठीखाली. मिळेना. पडला असेल कुठेतरी म्हणून पाणी प्यायला उठले, बाहेरच्या खोलीत आले, तर टेबलावर लॅपटॉप नव्हता, त्याची वायर तेवढी भिंतीपासून लोंबत होती. खुंटीवर पर्स नव्हती. कपाटाचे दोन्ही खण उघडे. आणि दार नीट लोटलेलं. चोराने जाताना दार लोटून घेतलं होतं, अगदी आमच्या घरातल्या माणसासारखं, हळूच, कडी न वाजवता.

तो खुळखुळा असा की नुसता उचलला तरी वाजतो. म्हणजे चोर आमच्या उशाशी उभा राहिला, माझ्या उघड्या गळ्यावर आणि मुंगीच्या टाळूवर वाकला, आणि आतले दाणे हलू न देता खुळखुळा मुठीत आवळून त्याने उचलला, जसं आपण झोपलेल्या बाळाच्या हातून एखादी वस्तू अलगद काढून घेतो. याला घरी मूल असणार, हा विचार मला सगळ्यात आधी आला, आणि त्या विचाराचाच सगळ्यात जास्त राग आला. मुंगी तो खुळखुळा कधी वाजवत नसे. चोखायची, नाहीतर उन्हात धरला की भिंतीवर पडणारा कवडसा पकडायला धावायची, रांगत, धापा टाकत. ‘हिला आवाजापेक्षा चकाकीची हौस,’ आई म्हणाली होती, ‘मोठेपणी सोनाराचं दिवाळं काढणार ही.’

पोलीस आला तो थकलेला, पोट सुटलेला, मनाने बरा माणूस होता. बूट काढू का, असं त्यानेच विचारलं. दाराशी बसून त्याने कुलूप पाहिलं, बिजागरी पाहिली, दार दोन-तीनदा उघडून मिटलं आणि माझ्याकडे वळला.

“हे कुरकुरत नाही हो अजिबात.”

“नाही. आम्ही तेल घालतो.”

“कडी?”

“तिला आतून कापड लावलंय.”

“बेल वाजली का तुमची? चोर आधी बेल वाजवून बघतात, घरात कुणी आहे का म्हणून.”

“बेल काढून ठेवलीय. बाळ झोपतं ना.”

त्याने खिशातून पेन काढलं. मग कुजबुजत म्हणाला, कारण एव्हाना तोही कुजबुजायला लागला होता, आमच्या घरात येणारं प्रत्येक माणूस लागतंच, “बाई, म्हणजे तुम्ही चोराला पायघड्याच घातल्या होत्या की.” मी हसले. खरंच हसले, आणि मग हसू थांबेना, आणि ते हसूच आहे की काय हेही कळेना. तो बिचारा पेन हातात धरून उभा. खुळखुळ्याची किंमत काय लिहू, म्हणाला. बाळंतपणाच्या आधी विमा कंपनीत मी हाच प्रश्न लोकांना विचारत असे. चोरीचे दावे माझ्या टेबलावर यायचे, आणि बाया फोनवर रडायच्या तेव्हा मी म्हणायची, ताई, भावना समजते, पण रकान्यात आकडाच लागतो. आता मी म्हटलं, “लिहा काहीही.”

घर असं मुकं कसं झालं, ते सांगायला हवं. मुंगीचा बाबा बाटल्या भरायच्या कारखान्यात फिटर आहे. तिथे दिवसभर काचेवर काच आपटत असते. घरी आला की पहिला तासभर त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून बोलावं लागतं. मुंगी जन्मली तेव्हा मुठीएवढी, म्हणून मुंगी. आणि पहिले काही महिने ती रडली. रडली म्हणजे नुसती रडली नाही, घर डोक्यावर घेतलं, आम्हाला पिळून काढलं. पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन, एकच सूर. पोटात वात धरतो, आपोआप थांबेल, डॉक्टर म्हणाले. ते दिवस मला आठवतात ते एकाच लांबच लांब दिवसासारखे, ज्यात मी येरझारा घालते आहे आणि माझ्या खांद्यावर एक तापलेली किटली शिट्टी वाजवते आहे. त्या दिवसांत सगळंच राहून गेलं. केस धुणं राहिलं, आईला फोन करणं राहिलं; दवाखान्यातून सोडताना नर्स म्हणाली होती की कान तपासायचं मशीन दुरुस्तीला गेलंय, पुढच्या आठवड्यात बाळाला घेऊन या, तेही राहिलं; टाके दुखतात हे सांगायचं राहिलं. मग एका संध्याकाळी बाबा कामावरून आला, हत्यारांची पिशवी त्याच्या हातून निसटली, आमच्या लाकडी जमिनीवर धाडकन पडली, आणि नुकतीच कुठे डोळे मिटलेली मुंगी दचकून उठली. तो तिथेच उभा राहिला, पिशवीकडे बघत, जणू त्याच्या हातून खूनच झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने घराला हात घातला. खुर्च्यांच्या, टेबलाच्या, पलंगाच्या पायांना जाड लोकरी नमदा. दारांच्या चौकटींना रबराची पट्टी. बिजागऱ्यांना कारखान्यातून आणलेलं तेल, कडीला कापड, नळाला नवा वायसर, फ्रीजखाली स्पंजाच्या चकत्या. बेलची वायर उपटली. चपला जिन्यातच काढायच्या, चालायचं ते टाचा न टेकता. आणि मुंगी झोपायला लागली. त्याच आठवड्यात, की त्याच्या पुढच्या, पण लागली. अशी झोपायला लागली की आम्ही तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचो. बाबाला या घराचा जेवढा अभिमान तेवढा त्याने दुरुस्त केलेल्या कुठल्याही मशीनचा नसेल. आल्यागेल्याला दार उघडून मिटून दाखवायचा. भांडायचो तेही कुजबुजत. कुजबुजत भांडून बघा एकदा, दातओठ खाऊन “तुला काही कळतच नाही” असं पुटपुटायचं, आणि समोरच्याने “काय?” म्हणून कान पुढे करायचा, की भांडणातली सगळी हवाच जाते. शिंक आली तर उशीत. माझा फोन चुकून पलंगावर राहिला आणि नुसता थरथरला तरी मुंगी डोळे उघडायची. बाबा डोळे मिचकावून म्हणायचा, “माझ्या लेकीचे कान फार तिखट आहेत.” बाहेर मात्र कशी काय झोपते, असं एकदा मला वाटलं होतं. रस्त्याचं काम चालू होतं, तो डांबर फोडणाऱ्या यंत्राचा आवाज, मी स्वतः दात आवळलेले, आणि ही झोळीत माझ्या छातीशी ढाराढूर. पण आईच्या पोटाशी असलं की पोरं कुठेही झोपतात, असं सगळेच म्हणतात. मीही तसंच म्हटलं.

चोरीनंतर माझी झोप गेली. डोळ्याला डोळा लागेना. बाबा कामावर गेला की मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसायची, मुंगीला मांडीवर घेऊन, आणि ऐकायची. इतके दिवस मी या शांततेत सुखाने राहिले होते. आता तीच शांतता अंगावर आली. दार वाजणार नाही, हे मला माहीत होतं. जमीन वाजणार नाही. कुणी आलं तर ते मुंगीच्याच पावलांनी येणार, आणि मला कळेल तेव्हा ते माझ्या उशाशी असणार. माझ्याच नवऱ्याने, माझ्याच लेकरासाठी, इतक्या मायेने प्रत्येक वस्तूची जीभ कापून ठेवलेली. मी फळ्यांच्या फटीतल्या धुळीकडे बघत ऐकायची. वरच्या मजल्यावर पाण्याचा नळ. जिन्यात कुणाचा तरी खोकला. माझ्या स्वतःच्या कानातलं रक्त. ऐकून ऐकून कान दुखायला लागायचे, मान आखडायची, आणि मुंगी मात्र मांडीवर उताणी पडून माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची, एक बोट माझ्या ओठांत घालून. दूध आटत चाललं होतं. ती ओढायची, सोडायची, रागाने माझ्याकडे बघायची, परत ओढायची. मी भाजीचा गॅस तसाच चालू ठेवून आंघोळीला गेले. मी उकळलेलं पाणी मुंगीच्या बाटलीत ओतलं आणि ऐन वेळी मनगटावर थेंब टाकून बघायची आठवण झाली. मनगटावर अजून डाग आहे.

तो डाग बाबाने पाहिला, आणि त्याच्या आईनेही, फोनच्या पडद्यावर. सासूबाई वाईट नाहीत. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. “अगं, थोडे दिवस पाठव तिला माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “तू झोप काढ चांगली. तू धड तर बाळ धड. मी काय खाणार आहे का तिला?” मी बाही मनगटावर ओढून घेतली. त्यांचं गाव दिवसभराच्या रस्त्यावर. मुंगीचं अंगावरचं दूध सुटणार, मग आटणार ते कायमचं, आणि ती रांगता रांगता उभी राहील ती दुसऱ्याच कुणाच्या तरी खुर्चीला धरून. त्या संध्याकाळी बाबा माझ्यासमोर उकिडवा बसला. माझे दोन्ही तळपाय त्याने हातात घेतले. ते गार पडले होते.

“असं नाही चालायचं,” तो कुजबुजला. “एकतर तुला झोप येईल असं काहीतरी या घरात करू, नाहीतर मुंगी आईकडे जाऊ दे. मला तुम्ही दोघी पाहिजे आहात गं. एकीला गमावून दुसरी नको.”

“अलार्म बसवू,” मी म्हटलं.

“अलार्म म्हणजे भोंगा आला. ती उठेल.”

“मग उठू दे.”

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच खिडकीतून आत आलेली परकी बाई होते.

अलार्मवाला आला तो बोलका, उमदा, दाढी कोरलेला, आणि मोठ्या आवाजाचा. “नमस्कार वहिनी!” म्हणाला, आणि आम्ही दोघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. त्यानेही मान डोलावली, कळलं कळलं, आणि पुढचं सगळं अशा आवाजात बोलला जणू आम्ही तिघं मिळून कुठेतरी दरोडा घालायचा बेत करत होतो. बॅगेतून एकेक वस्तू काढून त्याने टेबलावर मांडली. दाराला आणि चौकटीला लावायच्या चुंबकाच्या दोन पट्ट्या. त्यांची फारकत झाली की भोंगा. काच फुटल्याचा आवाज ओळखणारी एक डबी. भिंतीच्या कोपऱ्यात बसणारा, हालचाल टिपणारा पांढरा डोळा. आकडे दाबायची पाटी. आणि शेवटी भोंगा, तळहाताएवढा, निरुपद्रवी, साबणाच्या डबीसारखा.

“एवढासा?” बाबा म्हणाला.

“मूर्ती लहान पण कीर्ती महान, दादा. वाजला की गल्लीतली कुत्री घर सोडून जातील.”

तो घरभर फिरला, मी मुंगीला कडेवर घेऊन मागे. खिडक्या किती, गॅलरीला दार आहे का, वरून उतरता येईल का. त्याला घर जसं दिसत होतं तसं मला प्रथमच दिसत होतं, आत यायच्या जागांचा एक ढीग. मुंगीची खोली अशी खोलीच राहिली नव्हती. एक पाइप, एक सज्जा, एक सरकती काच. मग त्याने पांढरा डोळा कोपऱ्यात धरून दाखवला.

“हा माणसाला बघतो. मांजर, कुत्रं गेलं तर वाजत नाही. वीस किलोच्या आतलं काही हललं की हा त्याला मोजतच नाही.”

“बाळ?”

“बाळालाही नाही. म्हणून तर घेतात लोक. पोरगं रांगलं, भोंगा वाजला, असं नको ना व्हायला.”

म्हणजे मुंगी त्याला दिसणार नव्हती. एवढ्या पैशांचं हे यंत्र, घर राखायला आणलेलं, आणि ज्या एका जिवासाठी आणलं तो त्याच्या लेखी नव्हताच. मी मुंगीच्या कानशिलावर ओठ टेकवले. ती डोळ्याच्या लाल ठिपक्याकडे हात करत होती, जसा ती कवडशाकडे करायची.

दर सांगायची वेळ आली तेव्हा त्याने आपली खुर्ची पुढे ओढली, आणि नमद्यामुळे ती वाजली नाही म्हणून जरा चमकला. दोन प्रकार होते. भोंग्याचा संच, एकदाच पैसे, आमच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढे. दुसरा बिनआवाजाचा. चोर आत आला की घरात काहीही वाजत नाही. त्यांच्या कचेरीत दिवा लागतो, तिथला माणूस तुम्हाला फोन करतो, चौकीवर फोन करतो. तो दुपटीहून महाग, आणि वर दर महिन्याला वेगळे. बाबाचे डोळे चमकले.

“हाच. काही वाजायला नको, काही नको.”

“शांतता महाग पडते, दादा,” अलार्मवाला म्हणाला. “आरडाओरडा स्वस्तात होतो.”

“आणि फोन येईपर्यंत?” मी विचारलं. “तो आत, मी आत, मुंगी आत, आणि सगळं शांत?”

 बाबा टेबलावरच्या पट्ट्या बोटाने जुळवत होता, लांब करत होता, जुळवत होता. मला माहीत होतं की तो मनात काय जमवतोय; जादा पाळ्या, रविवारची कामं, आणखी काच, आणखी आवाज, म्हणजे घरात हा मौनाचा किल्ला टिकेल. आणि तितके तास मी एकटी. मला किंचाळी हवी होती. मला असं काहीतरी हवं होतं जे माझ्या आधी ओरडेल, माझ्याऐवजी ओरडेल, कारण त्या दुपारपासून माझ्या घशात एक ओरडणं अडकून बसलं होतं आणि या घरात ते बाहेर काढायला जागा नव्हती. “भोंग्याचा,” मी म्हटलं. “नाहीतर मी झोपणार नाही. आणि मी झोपले नाही तर मुंगी जाईल. मग झोपवत बस या शांत घराला.” एवढं लांब वाक्य मी कुजबुजत म्हटलं, तरी ते त्याला पहिल्याच खेपेला ऐकू आलं. तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिला. नवा वायसर घातलेला तो नळ. पाण्याचाही आवाज नाही.

भोंगा बसवायच्या दिवशी बाबाने रजा घेतली. लढाईवर निघाल्यासारखी त्याने तयारी केली. भोंगा मुंगीच्या खोलीपासून सगळ्यात लांब, बाहेरच्या दारावर. तिच्या दाराच्या फटीला रजई. वाजवून दाखवायची वेळ आली की मी तिला घेऊन समोरच्या बागेत जायचं, आणि सगळं निपटलं की त्याने गॅलरीतून हात हलवायचा. पण मुंगीने ऐन वेळी दगा दिला. अलार्मवाला शिडीवर चढून भिंतीला भोकं पाडत होता, त्या घरघरीने बाबा दर वेळी डोळे घट्ट मिटत होता, आणि मी आत जाऊन पाहिलं तर ही रजईचा कोपरा चोखत झोपून गेलेली. आमच्या घरात एकच कायदा होता. झोपलेल्या मुंगीला उठवायचं नाही. मी बाहेर येऊन हातांनीच सांगितलं, झोपली. बाबाने हातांनीच विचारलं, ड्रिलच्या आवाजात? मी खांदे उडवले. दारं बंद होती, रजई होती. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तो जुना अभिमान उजळला. बघ, माझी दारं.

“हरकत नाही,” अलार्मवाला पुटपुटला. “ती उठली की वाजवू. मी तोवर चालू करून ठेवतो, तुम्ही फक्त दार उघडू नका कुणी.” हे त्याने मला सांगितलं. बाबा तेव्हा शेजाऱ्यांची शिडी परत द्यायला खाली गेला होता.

मी आकड्यांच्या पाटीसमोर उभी होते. हिरवा दिवा जाऊन तांबडा लागला होता. आणि त्या तांबड्या ठिपक्याकडे बघताना, किती दिवसांनी, माझे खांदे खाली आले. कुणीतरी जागं आहे. मी नाही, दुसरं कुणीतरी. मला वाटलं की आता इथेच, उभ्या उभ्या, मला झोप लागेल. पापण्या जड झाल्या, ओटीपोटात ऊब उतरल्यासारखं झालं, छातीत दूध दाटून आलं. सासूबाईंना फोन करून सांगायचं, आई, आता नका काळजी करू, ती इथेच राहील. आणि तेवढ्यात बाबा आला. जसा रोज येतो तसा. जिन्यात चपला काढून, टाचा न टेकता, किल्ली मुठीत दाबून, दार तसूतसूने ढकलत. मी त्याला पाहिलं तेव्हा त्याने आमच्या दोघांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं होतं.

तो आवाज मला सांगता येणार नाही. तो कानात येत नाही, दातांत येतो. अलार्मवाला पाटीकडे धावला, बाबा दोन्ही हात वर करून तिथेच उभा, पकडला गेल्यासारखा, आणि मी मुंगीच्या खोलीकडे. रजई पायात आली, ती तुडवत मी दार उघडलं. आवाज माझ्याबरोबर, माझ्या आधी आत शिरला, भिंतींवर आपटला, खिडकीची काच झिणझिणली. मग एकदम बंद झाला. कुठेतरी खाली कुत्रं भुंकत होतं. जिन्यात दारं उघडत होती. बाबा माझ्या मागे येऊन उभा राहिला, त्याचा श्वास माझ्या मानेवर, आणि आम्ही दोघं वाट बघत राहिलो, त्या रडण्याची, त्या जुन्या किटलीची.

मुंगी झोपली होती. एक हात डोक्यावर, मूठ उघडी, बोटं फुलासारखी सैल. रजईचा ओला कोपरा तोंडातून सुटला होता. ओठ मध्येच चोखल्यासारखे हलले, थांबले. पापणीसुद्धा लवली नव्हती.

“वा!” दारातून अलार्मवाला म्हणाला, कानात बोट घालून हलवत. “मानलं बुवा! काय झोपते हो तुमची पोरगी! नशीब काढलंत.”

आणि बाबा हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “उठली नाही,” तो कुजबुजला, माझा खांदा हलवत. “बघ ना गं, उठली नाही. उगाच घाबरत होतो मी. काय सवय झालीय बघ तिला.” त्याचा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही, इतका आनंद त्यावर ती जन्मली त्या दिवशीही नव्हता. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या आत एकेक वस्तू जागेवरून सरकत होती, आवाज न करता, सगळ्यांच्या पायांना नमदा. धाडकन पडलेली पिशवी आणि लाकडी जमीन. पलंगावर थरथरणारा फोन. भिंतीवरचा कवडसा, आणि त्यामागे पळणारी, खुळखुळ्याकडे पाठ केलेली माझी मुलगी. डांबर फोडणारं यंत्र. माझ्या ओठांत घातलेलं ते बोट, मी बोलत असताना, नेहमी बोलत असतानाच. पुढच्या आठवड्यात घेऊन या. आम्ही या घरात एवढे दिवस कुणासाठी कुजबुजत होतो?

“परत लावा,” मी म्हटलं.

मी ते मोठ्याने म्हटलं. त्या खोलीत तोवर आमच्यापैकी कुणीच मोठ्याने बोललं नव्हतं. माझा मलाच तो आवाज माझ्या आईचा वाटला.

“अहो वहिनी, शेजारी आलेत सगळे जिन्यात—”

“परत लावा म्हणते ना.”

“अगं, वेडी झालीस का?” बाबा म्हणाला, आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग पलंगाकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू निघून जायला वाट शोधू लागलं, पण कुठून निघावं ते त्याला कळेना. त्याने मुंगीला हाक मारली. तिच्या खऱ्या नावाने, पूर्ण, मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. मग कारखान्यात मारत असेल तशी. ती झोपलेलीच. तो खाली बसला, पलंगाच्या पायाशी, आणि त्या पायाला स्वतःच बांधलेला नमदा नखांनी ओरबाडू लागला.

भोंगा परत सुरू झाला. मी दारापासून पलंगापर्यंत गेले. ती दोन पावलं मी टाचा टेकत, जोरात टाकली, लाकडावर. मुंगीच्या पापण्या हलल्या. मी वाकले, माझी सावली तिच्या तोंडावर पडली, आणि तिने डोळे उघडले. आजूबाजूला सगळं घर किंचाळत होतं. ती हसली. अख्खं तोंड उघडून, दोन्ही दात दाखवून, जशी रोज दुपारी उठल्यावर हसते तशी, आणि तिने हात वर केला आणि बोट माझ्या ओठांवर ठेवलं. मी काहीतरी बोलत होते. काय ते मला माहीत नाही. त्या आवाजात मला माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं, ओठ हलत होते तेवढं तिच्या बोटाशी कळत होतं. तिला आणि मला सारखंच. अलार्मवाला बाहेरून हात हलवून विचारत होता, बंद करू का. मी मान हलवली, नको. मग मी तिच्या अगदी जवळ गेले, तिला नीट दिसेल असं तोंड उजेडाकडे केलं, आणि ओठ मोठे करून, सावकाश, म्हटलं, मुंगी.